ओळखीचे नाव, अनोळखी दार



लॅपटॉपवर वाय-फायची यादी उघडून एखाद्या नावावर क्लिक केले, की त्या नावाखाली एक छोटा चौकोन दिसतो. त्याच्यापुढे लिहिलेले असते 'कनेक्ट ऑटोमॅटिकली', म्हणजे आपोआप जोडून घ्या. चौकोनात बरोबरची खूण बहुतेक वेळा आधीच केलेली असते. आपण तिकडे पाहतही नाही. पासवर्ड टाकतो आणि कामाला लागतो. पण त्या एका खुणेने आपण कॉम्प्युटरला कायमची इजाजत देऊन टाकलेली असते: हे नाव पुन्हा कधीही, कुठेही दिसले, तर मला न विचारता जाऊन जोडला जा.

घरच्या वाय-फायसाठी ही सोय चांगलीच आहे. रोज लॅपटॉप उघडल्यावर पासवर्ड टाकत बसायचे कुणाला आवडेल? प्रश्न आहे तो बाकीच्या नावांचा. मामूंच्या घरी ईदला गेलो तेव्हा जोडलेले वाय-फाय, भाच्याच्या लग्नाच्या हॉलमधले, दवाखान्यात ताटकळत बसलो तेव्हाचे, स्टेशनवरचे, लायब्ररीतले, मुलाच्या क्लासमधले, एका रात्रीपुरते लॉजमधले. काम एका तासाचे होते, इजाजत मात्र आजही चालू आहे. ती परत कशी घ्यायची आणि का घ्यायची, एवढेच या महिन्यात सांगायचे आहे.

कॉम्प्युटर ओळखतो तरी कसा?

वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, सतत आपले नाव हवेत पुकारत असतो. सेकंदाला साधारण दहा वेळा तो 'मी अमुक, मी इथे आहे' असा संदेश सोडतो. आपला लॅपटॉप ही पुकार ऐकतो आणि स्वतःजवळच्या यादीशी ताडून पाहतो. या यादीत आजवर जोडलेल्या प्रत्येक वाय-फायचे नाव, त्याच्या सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड असेल तर तोही साठवलेला असतो. नाव जुळले आणि आपोआप जोडण्याची खूण असली, की लॅपटॉप पुढे होतो.

इथे दोन प्रकार नीट वेगळे करायला हवेत. वाय-फायला पासवर्ड असेल तर जोडणी होण्यापूर्वी दोन्ही बाजूंची परीक्षा होते. लॅपटॉपला पासवर्ड माहीत आहे का हे राउटर तपासतो, आणि राउटरला तो खरोखर माहीत आहे का हे लॅपटॉपलाही कळते. म्हणून कुणी तुमच्या घरच्या वाय-फायचे फक्त नाव चोरले, पासवर्ड त्याच्याजवळ नसला, तर तुमचा लॅपटॉप त्याच्या जाळ्यात सहजी सापडत नाही.

दुसरा प्रकार उघड्या वाय-फायचा. पासवर्ड नाही, म्हणजे परीक्षाही नाही. तिथे ओळख पटवायची असते फक्त नावाने. आणि वाय-फायला नाव काय द्यावे यावर कुणाचे बंधन नसते. तुम्ही तुमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटचे नाव पाच मिनिटांत 'स्टेशन फ्री वाय-फाय' करू शकता. तसेच ते दुसराही करू शकतो.

आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. एखाद्या दरवाजावर असा पहारेकरी बसवला, की जो चेहरा बघत नाही, कागद बघत नाही, फक्त नाव विचारतो, तर तो दरवाजा असून नसल्यासारखाच. उघड्या वाय-फायबाबत आपला लॅपटॉप अगदी तसाच पहारेकरी आहे. जिथे पासवर्ड असूनही तो भिंतीवर लिहिलेला असतो आणि शंभर जणांना ठाऊक असतो, तिथली परिस्थितीही फारशी वेगळी नाही.

नावाची नक्कल करणारे

ही भीती हवेतली नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांनी पर्थच्या बाजूच्या एका माणसावर खटला भरल्याचे जाहीर केले. विमानात खऱ्या वाय-फायसारखेच एक संशयास्पद वाय-फाय दिसते आहे, असे एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले आणि तिथून तपास सुरू झाला. त्याच्याजवळ हातात मावेल असे वाय-फायचे यंत्र सापडले. विमानतळावर आणि विमानात तो अस्सल वाटणाऱ्या नावाचे उघडे वाय-फाय सुरू करायचा. जोडल्या गेलेल्या माणसापुढे एक पान उघडायचे: इंटरनेटसाठी तुमच्या ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करा. लोक लॉगिन करायचे आणि पासवर्ड थेट त्याच्या हाती जायचा. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला सात वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा दिली. या प्रकाराला तिकडे 'दुष्ट जुळा' अशा अर्थाचे नाव आहे.

आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या मोफत वाय-फायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून झाली. रेलटेल ही सरकारी कंपनी आणि गूगल यांनी मिळून ते सुरू केले. पुढे ते देशभरातल्या सहा हजारांहून अधिक स्टेशनांवर पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात चहावाला किंवा किराणा दुकानदारही गिऱ्हाइकांना वाय-फाय देऊ शकतो. या दोन्ही सोयी गरजूंच्या कामाच्या आहेत. परीक्षेच्या दिवसांत हजारो मुलांनी स्टेशनवर बसून अभ्यास केला आहे. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. सार्वजनिक नळाचे पाणी गरजेला प्यावे. फक्त नळ आपण उघडावा आणि आपणच बंद करावा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझ्यावर घाबरवल्याचा आरोप येईल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेला माणूस तुमचे मेसेज जवळजवळ जसेच्या तसे वाचू शकत असे. आता तसे राहिलेले नाही. बँका, ईमेल आणि बहुतेक सगळ्या संकेतस्थळांशी होणारी आपली देवाणघेवाण कुलूपबंद असते. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' दिसते, त्यातले शेवटचे 'एस' म्हणजे हेच कुलूप. तरीही तीन गोष्टी उरतात. एक, वाय-फाय चालवणाऱ्याला तुम्ही काय लिहिले हे दिसले नाही, तरी कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे बरेचदा दिसते. दोन, तो सुरुवातीलाच खोटे लॉगिनचे पान दाखवून तुमच्याच हाताने पासवर्ड लिहवून घेऊ शकतो. तीन, कुलूप खोटे असेल तर ब्राउझर लाल अक्षरांत इशारा देतो, पण घाईत असलेला माणूस 'पुढे चला' वर क्लिक करतो. रिझर्व्ह बँक ग्राहकांना सार्वजनिक, उघड्या आणि मोफत नेटवर्कवरून बँकेचे व्यवहार टाळायला सांगत आली आहे, ते याचसाठी.

आता आपोआप जोडण्याचा प्रश्न यात कुठे येतो ते पाहा. आपण होऊन स्टेशनचे वाय-फाय जोडतो तेव्हा आपल्याला निदान माहीत असते की आपण परक्या दारात आहोत. आपण सांभाळून राहतो. लॅपटॉप स्वतःहून जोडला जातो तेव्हा ही सावधगिरीच नसते. आपल्याला वाटते आपण मोबाईलच्या डेटावर आहोत, आणि बसलेलो असतो भलत्याच्याच ओसरीवर.

चोर नसला तरी नुकसान होते

चोर-भामट्यांची गोष्ट बाजूला ठेवा. आपल्या घरांत या खुणेमुळे होणारे रोजचे नुकसान वेगळेच आहे, आणि माझ्या मते तेच मोठे आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरची गोष्ट सांगते. इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेरीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याचा शेवटचा दिवस होता. भावाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन मुलगी अर्ज भरत होती. मधेच भाऊ मोबाईल खिशात घालून दुकानावर निघून गेला. हॉटस्पॉट तुटला. लॅपटॉपने थांबून विचारायला हवे होते. पण त्याच्या यादीत खालच्या मजल्यावरच्या एका क्लासचे वाय-फाय होते, दोन वर्षांपूर्वी तिथे शिकत असताना जोडलेले. तो गुपचूप त्यावर गेला. त्या दिवशी क्लासचा डबा चालू होता आणि त्याचे इंटरनेट बंद होते. पडद्यावर वाय-फाय जोडलेले, आणि पान मात्र उघडेना. मुलीला वाटले, संकेतस्थळावरच गर्दी झाली आहे, सगळ्यांचेच अडले असेल. ती पाऊण तास तशीच पुन्हा पुन्हा बटण दाबत बसली. अम्मी बिचारी दुआ करत बसली. शेवटी शेजारची मुलगी आली, तिने वाय-फायचे नाव वाचले, आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट दिला आणि मुदत संपायच्या थोडे आधी अर्ज पूर्ण झाला. अल्हम्दुलिल्लाह, वर्ष वाचले. पण वर्षभराची मेहनत त्या पाऊण तासात एका विसरलेल्या खुणेवर टांगलेली होती.

दुसरे नुकसान पैशाचे. आपल्यातल्या किती तरी घरांत ब्रॉडबँड नाही. मोबाईलचा रोजचा दीड किंवा दोन जीबी डेटा, त्यातच मुलांचा अभ्यास आणि अब्बांचा धंदा. लॅपटॉप मात्र मोबाईलच्या हॉटस्पॉटला साधे वाय-फायच समजतो. त्याला वाटते, वाय-फाय मिळाले म्हणजे भरपूर इंटरनेट आहे. मग तो मागच्या मागे विंडोजचे मोठमोठे अपडेट उतरवायला लागतो, फोटो आणि फाइली वर चढवायला लागतो. सकाळी लॅपटॉप नुसता उघडून ठेवला, आपोआप हॉटस्पॉटला जोडला गेला, आणि दुपारच्या आत दिवसाचा डेटा संपला. दोष मग मुलांवर येतो की तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील. मुले सांगत राहतात की आम्ही काही पाहिले नाही, आणि कुणी त्यांचे ऐकत नाही.

शेजाऱ्याचे वाय-फाय आणि शेजाऱ्याचे नाव

रोशन गेट, किराडपुरा, शहागंज, बेगमपुरा अशा दाट वस्त्यांत घराला घर लागून आहे. भिंती एकमेकींना टेकलेल्या. तिथे लॅपटॉपवर यादी उघडली तर दहा-पंधरा नावे सहज दिसतात. त्यांत एखादे बिनापासवर्डचे असले, तर मुले ते जोडून ठेवतात. शेजाऱ्याला पत्ता नसतो, आई-वडिलांनाही नसतो. आणि खूण केलेली असल्याने ते रोजच जोडले जाते.

शेजाऱ्याच्या अंगणातला नळ उघडा दिसला म्हणून आपण त्याला पाइप लावत नाही. त्याला विचारतो. शेजाऱ्याचा हक्क म्हणून आपण मुलांना जे शिकवतो, त्यात त्याचे वाय-फायही येते. त्याने खुशीने दिले तर जरूर वापरावे. पण ते न विचारता आपोआप चालू राहणे वेगळे.

यात फक्त शिष्टाचाराचा प्रश्न नाही. एका वाय-फायवरून दहा जण इंटरनेट वापरत असले, तरी बाहेरच्या जगाला साधारणपणे एकच पत्ता दिसतो, आणि कंपनीच्या दप्तरी तो पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने नोंदलेला असतो. याचा अर्थ काय होतो हे महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत तपास पथक नवी मुंबईत सानपाड्याला पोहोचले, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या घरी. त्यांचे कॉम्प्युटर तपासासाठी नेले गेले, चौकशी झाली, नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. त्यांच्या घरच्या असुरक्षित वाय-फायचा वापर दुसऱ्या कुणी केला, हे पुढे आले. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फायही अशाच ईमेलसाठी वापरले गेले. त्यानंतर, २००९ च्या सुरुवातीला, मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधून लोकांना ती बंद करायला सांगण्याची मोहीम हाती घेतली.

अशी चौकशी दारात आली तर घरावर काय ओढवते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. निर्दोष असणे पुरेसे असते हे खरे, पण ते सिद्ध होईपर्यंतचे दिवस कुणी परत देत नाही. म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी ठेवा. आपल्या घरचे वाय-फाय पासवर्डशिवाय ठेवू नका, आणि आपला लॅपटॉप दुसऱ्याच्या उघड्या वाय-फायवर आपोआप जाऊ देऊ नका. दोन्हीकडे वापर एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, अशी गुंतागुंत होते.

खूण काढायची कशी?

आता कामाचे. मोजून दहा मिनिटे लागतात. मुलगा किंवा मुलगी शेजारी बसवून करा, म्हणजे त्यांचीही तालीम होईल.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर 'स्टार्ट' मधून 'सेटिंग्ज' उघडा. 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये जा, मग 'वाय-फाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. आजवर जोडलेल्या सगळ्या नावांची यादी समोर येईल. ती आधी शांतपणे वाचा. किती नावे आठवतात आणि किती नाही, हे पाहूनच पुष्कळ काही लक्षात येते.

जे नाव पुन्हा लागणार नाही, त्याच्यापुढे 'फरगेट' दाबा. कॉम्प्युटर ते नाव आणि त्याचा पासवर्ड विसरून जाईल. लॉज, लग्नाचा हॉल, दवाखाना, स्टेशन, जुना क्लास, ही सगळी नावे इथेच निरोप द्यायची.

जे नाव अधूनमधून लागते, पण लॅपटॉपने स्वतःहून जोडू नये असे वाटते, त्या नावावर क्लिक करून आत जा. विंडोज १० मध्ये नावावर क्लिक केल्यावर 'प्रॉपर्टीज' असे बटण येते. आत 'कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज' असा पर्याय दिसेल. तो बंद करा. पासवर्ड साठवलेलाच राहतो. हवे तेव्हा यादीत नावावर क्लिक करून 'कनेक्ट' दाबायचे, एवढेच. मामूंचे घर, कॉलेजची लायब्ररी, मोबाईलचा हॉटस्पॉट, यांच्यासाठी हा मार्ग बरा.

मोबाईलच्या हॉटस्पॉटसाठी आणखी एक काम त्याच पानावर करा. तिथे 'मीटर्ड कनेक्शन' नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की लॅपटॉपला समजते, इथले इंटरनेट मोजून मिळते. मग तो बहुतेक अपडेट मागच्या मागे उतरवत नाही. अपडेट कायमचे टाळायचे मात्र नाहीत, ती सुरक्षेसाठी लागतात. आठवड्यातून एकदा घरचे किंवा नातेवाइकांचे ब्रॉडबँड मिळेल तेव्हा ती करून घ्या.

त्याच पानावर 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन प्रकारही दिसतात. घराबाहेरच्या कोणत्याही वाय-फायसाठी 'पब्लिक' निवडा. त्याने तुमचा लॅपटॉप त्या वाय-फायवरच्या इतर कॉम्प्युटरांना दिसत नाही.

आणि यापुढे नवीन वाय-फाय जोडताना सुरुवातीला सांगितलेला तो चौकोन आठवा. 'कनेक्ट' दाबण्याआधी त्यातली खूण काढा. ही सवय लागली की यादी साफ करायचे कामच उरत नाही.

ॲपलच्या मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'वाय-फाय' उघडा. जोडलेल्या नावाच्या 'डिटेल्स' मध्ये आपोआप जोडण्याचा पर्याय आहे, तो बंद करता येतो. उबुंटू असेल तर वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये नावापुढच्या दातेरी चाकावर क्लिक करून 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ची खूण काढा. अँड्रॉइड मोबाईलवरही वाय-फायच्या नावाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो-कनेक्ट' किंवा 'ऑटो रीकनेक्ट' असा पर्याय असतो. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, जागा तीच असते.

काही जण घरच्या वाय-फायचे नाव लपवून ठेवतात आणि त्यालाच सुरक्षा समजतात. त्याचा उपयोग थोडाच. नाव लपवले की राउटर पुकारत नाही, मग लॅपटॉपलाच ते नाव घेत शोधत फिरावे लागते. म्हणजे घरातले नाव लॅपटॉप बाजारात जाऊन पुकारणार. त्यापेक्षा नाव उघडे ठेवा आणि पासवर्ड मजबूत ठेवा.

जुना लॅपटॉप देता-घेताना

लॉकडाऊननंतर मुलांसाठी जुने लॅपटॉप घेण्याचे प्रमाण आपल्या घरांत वाढले. जुना लॅपटॉप विकताना किंवा भाच्याला देताना आपण फोटो पुसतो, वाय-फायची यादी तशीच ठेवतो. त्या यादीत आपण कुठे कुठे गेलो याचा माग असतो, आणि साठवलेले पासवर्डही असतात. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत तर सेटिंग्जमध्येच साठवलेला पासवर्ड उघडून वाचता येतो. म्हणजे लॅपटॉपबरोबर तुम्ही तुमच्या भावाच्या, शाळेच्या, शेजाऱ्याच्या वाय-फायची चावीही देऊन टाकता. ती तुमच्याजवळची अमानत होती. म्हणून देण्याआधी लॅपटॉप पूर्ण 'रीसेट' करून घ्या. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी तेच करावे.

घराचा एक नियम

आमच्या वर्गात मुली विचारतात, मॅडम, मग बाहेरचे वाय-फाय वापरायचेच नाही का? वापरा. माझे म्हणणे एवढेच, की ते तुम्ही निवडलेले असावे. त्यासाठी घरात एक साधा नियम करा. आपोआप जोडण्याची परवानगी फक्त एका वाय-फायला, घरच्या. घरी ब्रॉडबँड नसेल तर तीही नको, रोज एक क्लिक करू. बाहेरचे जोडले तर नाव तिथल्या माणसाला विचारून जोडायचे आणि उठताना 'फरगेट' करायचे. बँक, प्रवेश, शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, असे महत्त्वाचे काम करण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात आपण कोणत्या नावाला जोडलेलो आहोत हे मोठ्याने वाचायचे. मोठ्याने यासाठी, की शेजारी बसलेल्या अम्मीलाही ऐकू जावे. तिला इंग्रजी येत नसले तरी 'हे कुणाचे आहे?' हा प्रश्न ती बरोबर विचारते, आणि या विषयात तोच सर्वांत चांगला प्रश्न आहे.

एवढे करूनही कुठे पासवर्ड गेला आणि खात्यातून पैसे गेले, तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. मुलांनाही आधीच सांगून ठेवा की चूक झाली तर आधी आम्हाला सांगा, रागावणे नंतर. भीतीने लपवलेल्या तासाभरातच बहुतेक नुकसान होते.

या जुम्म्याला दुपारचे जेवण झाले की घरातला लॅपटॉप उघडा आणि यादी वाचायला घ्या. एकेक नाव मुलांना विचारा, हे कुठले, कधीचे, अजून लागते का? ज्याचे उत्तर कुणाजवळच नसेल, ते त्याच वेळी काढून टाका.